अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशननंतर दिवस राहिलेत? या चुका टाळा

तालुक्याच्या गावी बाळंतपणं करायला लागून मला चोवीस वर्षं झाली. अंग, म्हणजे गर्भपिशवी, खाली बाहेर येते म्हणून ऑपरेशन झालेलं आणि त्यानंतर दिवस राहिलेले, अशा बायका दरवर्षी येतात. पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. "ऑपरेशन कोणतं झालं होतं?" उत्तर ठरलेलं: "पिशवी वर उचलून शिवली म्हणे." एवढ्यावर मला काहीच ठरवता येत नाही.

कोणतं ऑपरेशन झालं हे माहीत नसणं

सगळ्या चुकांची आई हीच, म्हणून आधी हिच्याबद्दल सविस्तर सांगते.

मूल हवं असलेल्या बाईची पिशवी काढत नाहीत, सावरतात. सावरण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण गर्भारपणाच्या दृष्टीने मला एकच गोष्ट आधी कळायला हवी: पिशवीचं तोंड शाबूत आहे की कापलं आहे? जुन्या मँचेस्टर पद्धतीच्या, म्हणजे फॉदरगिल ऑपरेशनात लांबलेलं तोंड कापून टाकतात. अंग वर जातं, पण नऊ महिने बाळाला आत धरून ठेवणारं दारच तोकडं होतं. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ निसटतो किंवा कळा फार लवकर येतात. कधी उलटंही होतं. व्रण इतका कडक असतो की ऐन कळांत तोंड उघडतच नाही.

हा धोका आपल्याकडच्या डॉक्टरांनी फार पूर्वी ओळखला होता. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर, मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे. त्यांनी या ऑपरेशनात तोंड न कापण्याची सुधारणा केली, शिवाय पिशवी मागच्या बाजूने माकडहाडाच्या वरच्या हाडाला पट्टीने टांगण्याची पद्धत दिली. सैल तोंडाला घालायचा, १९५५ मध्ये त्यांनी मांडलेला टाका आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुंबईच्याच डॉ. पुरंदऱ्यांनी पिशवी पुढच्या बाजूने पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाला टांगली. या टांगण्याच्या पद्धतींत तोंड कापत नाहीत. म्हणजे 'पिशवी उचलली' या एकाच वाक्यामागे दोन अगदी वेगळी गर्भारपणं असू शकतात.

आठ-नऊ वर्षांपूर्वी नात्यातल्या लग्नासाठी माहेरी आलेली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे आली. बाविसावा आठवडा. "कळा नाहीत मॅडम, फक्त खाली जड जड वाटतंय." तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्डाबरोबर जपलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं. ओल लागून शाई पसरली होती. वाचता आलं ते एवढंच: 'प्रोलॅप्स रिपेअर', म्हणजे अंग सावरण्याचं ऑपरेशन. विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी सोबत होती, त्यात बाळ व्यवस्थित. पण तोंडाची लांबी मोजलेलीच नव्हती, कारण ऑपरेशनबद्दल सोनोग्राफीवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तपासलं तेव्हा तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं आणि पाण्याची पिशवी खाली डोकावत होती. दोन दिवसांनी बाळंतपण झालं. बाळ वाचलं नाही.

सव्वा महिन्यानंतर तिच्या नवऱ्याने ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात अर्ज दिला आणि ऑपरेशनचा पूर्ण तपशील आणला. त्यात तोंड कापल्याची स्वच्छ नोंद होती. मग पुढचे दिवस राहण्याआधीच पोटातून वरच्या बाजूला टाका घालून घेतला. तोंड फार तोकडं उरलं असेल तर खालून टाका धरत नाही, म्हणून वरून. असा टाका असला की बाळंतपण सिझरनेच होतं. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅमची. नवऱ्याने आणलेला तो कागद जुन्या दवाखान्याच्या कपाटात आधीपासूनच पडून होता, हे आठवलं की आजही मला त्रास होतो.

तेव्हा फक्त डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, ऑपरेशनचा तपशील लेखी मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवावे लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. तीन वर्षं उलटून जायची वाट पाहू नका. कागदाचा फोटो स्वतःच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये ठेवा. आईच्या मोबाइलमध्ये मुद्दाम सांगते, कारण सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते आणि फाइल सासरच्या कपाटात राहते.

तोंड कापलं असेल किंवा काहीच कळत नसेल, तर मी सोळाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी आतून सोनोग्राफी करून लांबी मोजते. २५ मिलिमीटरच्या खाली गेली की औषध की टाका, हे त्याच आठवड्यात ठरवायचं. "पुढच्या महिन्यात बघू" हे वाक्य मला चालत नाही.

"ऑपरेशन झालंय ना, मग सिझरच" आणि "काही झालं तरी नॉर्मलच"

दोन्ही हट्ट चुकीचे. सगळ्यांना लागू पडेल असा एकच नियम नाही. जाळी किंवा पट्टीने टांगलेली पिशवी असेल तर बरेच डॉक्टर सिझरकडे झुकतात, तरीही काही बायकांचं नॉर्मल बाळंतपण सुखरूप होतं. सिझर केलं म्हणजे अंग पुन्हा खाली येणारच नाही, असंही नाही, कारण नऊ महिन्यांचा भार खालच्या स्नायूंवर पडलेलाच असतो. पुरंदरे पद्धतीची पट्टी पुढून जाते, त्यामुळे सिझर करणाऱ्यालाही ती कुठे आहे हे आधी माहीत हवं. हा निर्णय बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत व्हावा आणि फाइलवर लिहिलेला असावा. रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेल्या बाईच्या उशाशी उभं राहून घेण्याचा हा निर्णय नव्हे.

घाईने जोर लावायला सांगणं

हे मी नवीन डॉक्टर आणि नर्स मुलींसाठी लिहिते आहे. तोंड सहा सेंटिमीटर उघडलंय, बाई दमली आहे, बाहेर नातेवाईक विचारतायत, आणि आत कुणीतरी सुरू करतं: "जोर लाव, जोर लाव!" दुसरी पोटावर दाब देते. असं कुणाच्याच बाबतीत करू नये, आणि जिचं खालचं सगळं एकदा शिवलेलं आहे तिच्या बाबतीत तर नाहीच. न उघडलेलं तोंड बाळाच्या डोक्यापुढे दाबलं जातं, सुजतं, फाटतं, आणि सावरलेली पिशवी आपण स्वतःच्या हाताने खाली ढकलतो. मी अशा बाईला डाव्या कुशीवर झोपवते, कंबर चोळायला आईला आत बसवते आणि तोंड पूर्ण उघडेपर्यंत जोर लावू देत नाही. तोंड उघडतच नसेल तर कळांच्या औषधाचे थेंब वाढवत बसत नाही, सिझरची तयारी करते. व्रणाशी जबरदस्ती चालत नाही. ज्यांना तासभर थांबायचा धीर नाही, त्यांनी लेबर रूममध्ये उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या, थोडक्यात

ऑपरेशननंतर लगेच दिवस राहू देणं. मी निदान वर्षभर थांबायला सांगते. आणि मूल हवंच असेल व त्रास सोसवण्यासारखा असेल, तर आधी मूल होऊ द्या. तोवर रिंग पेसरीवर, म्हणजे अंग आत धरून ठेवायला योनीत बसवायच्या कडीवर, भागतं.

बद्धकोष्ठता आणि जुना खोकला अंगावर काढणं. प्रत्येक कुंथण्याचा दाब थेट खाली जातो. पाणी, पालेभाज्या, गरज पडल्यास इसबगोल.

गर्भारपणात अंग पुन्हा खाली आलं तर लाजून गप्प बसणं. रिंग गर्भारपणातही बसवता येते. लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी या.

बाळंतपणानंतर पोट करकचून बांधणं. पोट आवळून जाईल या समजुतीने दाब खालच्या बाजूला ढकलला जातो. हंडा, गव्हाचं पोतं, ओल्या कपड्यांची बादली निदान तीन महिने दुसऱ्याने उचलावी. हे मी सासूबाईंना समोर बसवून सांगते, सुनेच्या हाती निरोप पाठवत नाही. खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम दुखणं ओसरलं की सुरू करायचा: लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा, बाळाला पाजताना बसल्या बसल्या. आणि सहा आठवड्यांनी तपासायला या, काही त्रास नसला तरीही.