मुखपृष्ठावरच्या बाईचा चेहरा नोंदवताना

जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा समोर आला की ‘लाजरी’, ‘सोज्वळ’, ‘मादक’ असे शब्द लगेच सुचतात. ते वहीत लिहू नका. आधी डोळे, भुवया, ओठ आणि मान कशी आहे ते लिहा, भावाचं नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी दिलं की पुढे तेवढंच दिसत राहतं, आणि चितारलेल्या बाईवर तो अन्यायच आहे.

अंकाचं नाव आणि मजकूर कोऱ्या कागदाने झाका. मग नाकाच्या मध्यावर पट्टी आडवी धरून खालचा चेहरा झाका. बुबुळं समोर आहेत, बाजूला की खाली? वरची पापणी त्यांना किती झाकते? आता डोळे झाकून ओठ बघा. दोन्ही भागांचं म्हणणं वेगळं निघालं, तर तसंच लिहा.

मनापासून हसताना गाल वर चढतात आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात, हे फ्रेंच वैद्य ड्युशेनने १८६२ मध्ये दाखवलं. पण आजच्या फोटोंत या सुरकुत्या बऱ्याचदा पुसलेल्या असतात. सुरकुती नाही म्हणजे हसू खोटं, असा शेरा मारू नका. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांनी रंगवलेल्या तुकतुकीत चेहऱ्यांना तर ही कसोटी लावूच नये. तिथे पापणीची रेघ आणि ओठांचे कोपरे भिंगातून बघा. जुन्या छपाईत लाल रंग मिलिमीटरभर सरकला तरी मिटलेले ओठ हसरे वाटतात. शंका आली तर कपाळावरचं कुंकू बघा: त्याच्या एका बाजूला तशीच लाल कड बाहेर आली असेल, तर ते हसू छापखान्याचं.

चेहऱ्याला किती जागा मिळाली तेही मोजा. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची लांबी भागिले टोकापासून शरीराच्या सर्वांत खालच्या दिसणाऱ्या भागापर्यंतची लांबी. ९ सेंमी भागिले १८ सेंमी म्हणजे ०.५, नुसता चेहराच असेल तर १. डोक्याचं टोक अंकाच्या नावाखाली गेलं असेल तर ते माप सोडून द्या. पुरुषांची मुखपृष्ठंही याच पद्धतीने मोजा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. संशोधक आर्चर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नियतकालिकांतली चित्रं अशीच मोजली, तेव्हा पुरुषांच्या चित्रांत हा आकडा जास्त निघाला.

‘डावीकडे’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत नोंदी करा. त्या जुळल्या नाहीत तर मधला मार्ग काढू नका. ते मुखपृष्ठ पुन्हा काढा, पट्टी धरा आणि डोळ्यांपासून सुरुवात करा.