राजकीय वादात तडजोडीची वाट कशी मोकळी ठेवावी

सभ्यता हा स्वभावाचा गुण आहे असे आपण समजतो आणि समोरच्यात ती दिसली नाही की चिडतो. माझ्या मते ती एक कार्यपद्धती आहे, म्हणूनच रागीट माणसालाही ती पाळता येते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सदस्य एकमेकांना थेट ‘तुम्ही’ म्हणत नाहीत. बोलायचे ते अध्यक्षांना उद्देशून, आणि विरोधकाचा उल्लेख करायचा तो ‘सन्माननीय सदस्य’ असा. तेथे गदारोळ होत नाही असे मुळीच नाही. पण तिसऱ्या व्यक्तीला उद्देशून वाक्य जुळवताना जो क्षण जातो, त्यात निम्मा राग ओसरतो.

म्हणून चर्चेला बसण्यापूर्वीच एक अध्यक्ष नेमावा आणि कोणीही दुसऱ्याच्या हेतूवर आरोप करायचा नाही, एवढा नियम सर्वांकडून मान्य करून घ्यावा. ‘तुम्हाला कंत्राटदारांचे खिसे भरायचे आहेत’ असे म्हटले की उत्तरादाखल शिवीच येते. ‘या प्रस्तावातून निविदेची अट का वगळली?’ असे विचारले तर मात्र समोरच्याला कारण द्यावे लागते, आणि ते नसेल तर ते सर्वांना दिसते. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा सौम्य आहे असे कोणी समजू नये.

खंडन करण्यापूर्वी विरोधकाचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारावे आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. हे काम कंटाळवाणे आहे आणि पहिल्या दोन-तीन वेळा उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते.

यानंतर मागणी आणि तिच्यामागची गरज वेगळी करावी. ‘येथे प्रकल्प होऊ देणार नाही’ ही मागणी झाली. तिच्यामागे पाणी आटण्याची भीती असेल, मोबदला बुडण्याची असेल किंवा आपल्याला कोणी विचारलेच नाही याचा संताप असेल. मागणीला उत्तर केवळ होय किंवा नाही एवढेच असते, पण या तिन्ही गरजांवरचे उपाय निरनिराळे आहेत आणि त्यांतले काही प्रकल्पाला पाठिंबा देणाऱ्यांनाही मान्य होण्यासारखे असतात.

तरीही गाडी अडली तर मुदत हे साधन वापरून पाहावे. दक्षिण आफ्रिकेत 1992 मध्ये गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटीशी चाललेल्या वाटाघाटी रखडल्या असताना कम्युनिस्ट नेते जो स्लोवो यांनी त्या राजवटीच्या पक्षाला ठरावीक वर्षांपुरती सत्तेत भागीदारी द्यावी, असा प्रस्ताव मांडला. त्यांच्या पत्नी रूथ फर्स्ट 1982 मध्ये याच राजवटीने पाठवलेल्या पार्सल बॉम्बने मारल्या गेल्या होत्या. जे कायमचे देणे अशक्य होते ते पाच वर्षांसाठी देता आले आणि एप्रिल 1994 मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी मतदान केले.

बोलणी कोठे चालतात यालाही महत्त्व आहे. प्रेक्षकांसमोर माघार घेणे हा पराभव ठरतो. 1787 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना बंद दाराआड घडली आणि प्रतिनिधींना मत बदलण्याची मोकळीक मिळाली. मात्र त्याच दालनात प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग धरावा, अशी तडजोडही झाली आणि त्यांची बाजू मांडायला त्यांच्यापैकी एकही जण तेथे नव्हता. त्यामुळे सही करण्यापूर्वी या समझोत्याची किंमत कोण मोजणार आहे आणि तो माणूस या खोलीत आहे का, हे तपासावे. तो नसेल तर बैठक तहकूब करून त्याला बोलवावे.

जे ठरले ते त्याच बैठकीत लिहून काढावे, दोन्ही बाजूंनी एकच मसुदा मोठ्याने वाचावा आणि फेरविचाराची तारीख त्यातच घालावी. न मिटलेले मुद्देही ‘मतभेद कायम’ अशा नोंदीने त्याच कागदावर उतरवावेत. नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या कार्यकर्त्यांना वेगळाच समझोता सांगतो.