पार्किन्सनच्या गोळीसोबत टॉनिक देताय? या चुका टाळा

मागच्या वर्षी अण्णांना सिंडोपा, म्हणजे पार्किन्सनची गोळी, एकदम लागेनाशीच झाली. आधी कसं, सकाळी ७ ची गोळी घेतली की पाऊण तासात हात सैल व्हायचा आणि जेलरोडला चक्कर मारून यायचे, ते आता ९ वाजले तरी खुर्चीतून उठवेना. आम्ही म्हटलं झालं, आजार वाढला, डोस वाढवावा लागणार. डॉक्टरांनी विचारलं नवीन काय सुरू केलंय? आई म्हणे काही नाही, रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळी तेवढी. कधी देता? सकाळीच, सिंडोपासोबत, एकाच घोटात.

तिथेच घोळ होता. लोह आणि लेव्होडोपा, म्हणजे सिंडोपातलं मुख्य औषध, पोटात एकमेकांना चिकटून बसतात, मग लेव्होडोपा रक्तात नीट जातच नाही, कधीकधी निम्म्यापर्यंत कमी. दोन्हीत कमीत कमी २ तासांचं अंतर पाहिजे. आमच्याकडे सिंडोपा ७, १ आणि ७ ला असते, म्हणून लोह दुपारी ४ ला टाकलं. तेही चहासोबत नाही हं, चहाने लोह अंगी लागत नाही, आणि नेमका ४ वाजताच अण्णांना चहा लागतो, त्यावरून रोज वाद.

दुसरा गोंधळ बी-कॉम्प्लेक्सचा. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी टाकतं पार्किन्सनला बी६ विष आहे, लगेच घरातली पाकिटं कचऱ्यात. प्रकरण असं आहे की लेव्होडोपाचं डोपामिन (पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडतं ते रसायन) करतं ते डोपा डिकार्बॉक्सिलेज नावाचं एन्झाइम, आणि त्याला कामाला बी६ लागतं. हे एन्झाइम मेंदूत आहे तसं आतड्यात, लिव्हरमध्येही आहे, आणि बाहेरच तयार झालेलं डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही, म्हणजे गोळी वाया. पूर्वी नुसती लेव्होडोपा द्यायचे तेव्हा १० ते २५ मिलिग्रॅम बी६ नेसुद्धा तिचा असर उतरायचा, ती भीती तिथली. आता सोबत कार्बिडोपा असते, ती बाहेरचं एन्झाइम अडवते आणि स्वतः मेंदूत जात नाही, त्यामुळे तो त्रास बराचसा मिटला. उलट कार्बिडोपाच बी६ बांधून ठेवते, मोठा डोस बरीच वर्षं चालला तर बी६ कमी पडून पायाला मुंग्या येऊ शकतात. म्हणजे साध्या मल्टीव्हिटॅमिनला घाबरायचं नाही, पण मुंग्या येतात म्हणून मेडिकलमधून १०० मिलिग्रॅमची पायरिडॉक्सिन (म्हणजे बी६च) आपल्या मनाने आणायची पण नाही. स्ट्रिपही बघा, सिंडोपा ११० वालीत कार्बिडोपा १० मिलिग्रॅमच असते, सिंडोपा प्लसमध्ये २५, आणि बाहेरचं एन्झाइम नीट अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागते. बी६ किती चालेल ते यावर पण आहे, डॉक्टरांना विचारा.

प्रोटीन पावडरचं थोडक्यात. प्रोटीनमधली काही अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दारातून जातात, गर्दी झाली की गोळी मागे राहते. जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने घ्यायची. रविवारी मिसळ हाणून, वर दही खाऊन मग गोळी, हे आम्हीही केलंय. मटकी प्रोटीनच की!

सगळ्यात रिस्की मला वाटते ती खाजकुइली, म्हणजे कवचबीज पावडर. शेजारच्या काकांनी प्रेमाने डबा आणून दिला, आयुर्वेदिक आहे म्हणे, साइड इफेक्ट नाही. अहो त्या बियांत खरोखरची लेव्होडोपाच असते! सिंडोपावर अजून एक न मोजलेला डोस, मग अंग वेडंवाकडं हलणं, बीपी पडणं, भास होणं. डबा परत देता येईना, माळ्यावर ठेवलाय.

रासाजिलीन किंवा सेलेजिलीन (ही पण पार्किन्सनचीच औषधं) चालू असेल तर अजून सांभाळा. डोपामिन तोडणारं मेंदूतलं एन्झाइम, एमएओ-बी, ती बंद करतात. त्यावर झोपेसाठी ऑनलाइन मागवलेलं ५-एचटीपी, मूडसाठी सेंट जॉन्स वर्ट, किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं साधं खोकल्याचं औषध घेतलं तर सेरोटोनिन (मेंदूतलंच दुसरं रसायन) वाढून ताप, थरथर, गोंधळ असं गंभीर होऊ शकतं. असं दिसलं तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल.

आणि शंका आली म्हणून सिंडोपाच एकदम बंद करायची नाही, अंग ताठ होऊन ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी आठवडाभर वही ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवा. अण्णा प्रेसमधून रिटायर झालेत, शिफ्टचं रजिस्टर भरल्यासारखं लिहितात: ७:०० गोळी, ७:४० हात थांबला, ८:०० पोहे, ४:०० लोह, चहा नाकारला गेला.