'रॉट'चं मूळ: जुनं इंग्रजी क्रियारूप कसं शोधावं

२४ मे १८४४ रोजी सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने बायबलमधले चार शब्द पाठवले: 'व्हॉट हॅथ गॉड रॉट'. त्यातलं 'रॉट' (डब्ल्यू-आर-ओ-यू-जी-एच-टी) आज मुख्यतः 'रॉट आयर्न'मध्ये (घडीव लोखंड) उरलंय. त्याचं मूळ कसं काढायचं ते पाहू.

आधी रूप ओळखा. सोबत 'हॅथ' म्हणजे 'हॅज' आहे, तेव्हा हे भूतकाळवाचक धातुसाधित. अर्थ: देवाने केवढं घडवलं!

मग मूळ क्रियापद. 'रीक हॅवक'मुळे (विध्वंस माजवणे; 'रीक' म्हणजे डब्ल्यू-आर-ई-ए-के) बरेच जण इथे 'रीक'कडे वळतात आणि फसतात. 'रीक'चा जुना भूतकाळ 'व्रॅक', त्यात शेवटचा 'त' नाहीच. 'रॉट' हे 'वर्क'चं रूप आहे.

आता एकेक शतक मागे जा, उडी मारू नका. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश, त्याआधीच्या काळासाठी बॉसवर्थ-टोलर हा जुन्या इंग्रजीचा कोश. दोन्ही ऑनलाइन मोफत आहेत. बॉसवर्थ-टोलरमध्ये डब्ल्यू-वाय-आर-सी-ए-एन शोधा. भूतकाळ मिळेल 'वोर्ख्ते'. पुढे 'र' आणि स्वर यांनी जागा बदलली आणि 'व्रोख्ते' झालं. हा वर्णविपर्यय, बोलण्यात 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तोच प्रकार.

एवढ्यावर थांबू नका. ध्वनिबदल खरा असेल तर तो इतर शब्दांतही सापडायला हवा, आणि शोधाचा खरा कस इथेच लागतो. 'काम करणारा' या अर्थाचा 'वुर्ख्ता' असाच उलटून 'राइट' (डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी) झाला. म्हणूनच 'प्लेराइट'चं स्पेलिंग लिहिण्याच्या 'राइट'सारखं नाही: तो नाटक 'घडवणारा'. आणि 'क' पुढे 'त' आला की 'ख्त' होणं 'थिंक-थॉट', 'सीक-सॉट' यांतही दिसतं. आज न उच्चारला जाणारा जी-एच हा त्या घशातल्या 'ख'चा अवशेष.

शेवटी भावंडं तपासा: जर्मन 'विर्केन', गॉथिक (जर्मनची लुप्त झालेली नातेवाईक भाषा) 'वॉर्क्यान', दूरचं ग्रीक 'एर्गॉन' म्हणजे काम. कोशात रूपाआधी तारांकन असेल तर ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेतून बांधलंय. टिपणात ते चिन्ह गाळू नका. तसंच ऑक्सफर्ड कोशातल्या पहिल्या अवतरणाचं साल म्हणजे शब्दाचं जन्मसाल नव्हे, तो फक्त कोशकारांना सापडलेला सर्वांत जुना लेखी पुरावा असतो.