अमेरिकेतल्या क्यू शोला जायचंय? मग हे वाचून जा भो

आपल्या खान्देशातल्या लोकांचं कोणी ना कोणी न्यू जर्सीत असतंच, पोरगा नाहीतर पुतण्या नाहीतर मेव्हणा, आणि वर्षा-दोन वर्षात तिकडे एक चक्कर होतेच. तर तुम्हाला पूलचा, म्हणजे टेबलावर स्टिकने बॉल मारायच्या खेळाचा, नाद असेल तर तिकीट काढतानाच तारीख अशी बघा की क्यूचा शो गाठता येईल. नायगारा कुठे पळून जात नाही. क्यू म्हणजे आपली स्टिकच हो, पण पूल पार्लरच्या रॅकवरची, टोकावरची चामड्याची टिप चपटी झालेली, कोणाच्याही हातात फिरणारी नाही, तर एकेका कारागिराने महिनोन्महिने बसून केलेली, आणि तो कारागीर स्वतः टेबल मांडून समोर बसलेला असतो, त्याला काहीही विचारा.

सगळ्यात सोपा पडतो तो सुपर बिलियर्ड्स एक्स्पो. पेनसिल्व्हेनियात ओक्स म्हणून गाव आहे फिलाडेल्फियाजवळ, तिथल्या एक्स्पो सेंटरमध्ये, बहुतेक मार्च-एप्रिलच्या सुमारास. अ‍ॅलन हॉपकिन्स नावाच्या नामांकित खेळाडूने तो उभा केला. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून गाडीने दीड-दोन तासात होतं. दुसरा म्हणजे डर्बी सिटी क्लासिक, जानेवारीत, इंडियानातल्या कॅसिनोमध्ये. तो मुळात स्पर्धेचा मेळा, पण क्यू बनवणारे आणि क्यू जमवणारे जुने कलेक्टर तिथेही येतात, आणि खरे मोठे सौदे हॉटेलच्या खोल्यांमध्ये होतात. जानेवारीतली तिकडची थंडी आपल्याला झेपणारी नाही, यावलच्या थंडीचा अनुभव तिथे उपयोगाला येत नाही. पहिल्यांदा जाताय तर एक्स्पोच करा. निव्वळ कलेक्टर आणि कारागिरांचे छोटे शोसुद्धा असतात, पण तिथे ओळखीने शिरावं लागतं, ती ओळख एक्स्पोतच होते.

जायच्या आधी दोन-तीन नावं डोक्यात ठेवा म्हणजे बोलणं कळेल. जॉर्ज बालाबुश्का, 1912 चा, रशियात जन्मलेला, 1924 ला अमेरिकेत आला, न्यूयॉर्कला लाकूडकाम करता करता क्यू बनवायला लागला आणि 1975 ला गेला. सुरुवातीला हा माणूस ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट नावाच्या साध्या पार्लरच्या स्टिका घ्यायचा आणि त्याच्यातूनच आपल्या क्यू काढायचा, आज त्याच क्यूला लाखोंनी रुपये मोजतात. पुढे त्याला ब्लँक म्हणजे कच्चा सांगाडा गस झॅम्बोटी पुरवायचा, जो स्वतःच मोठा कारागीर होता, आणि त्याच्यामागे पोरगा बॅरीनेही हेच काम धरलं. बालाबुश्का आणि गस झॅम्बोटी या दोघांची नावं शोमध्ये दर दुसऱ्या टेबलावर ऐकू येतील, आणि म्हणूनच या दोघांच्या नावाने नकलाही फिरतात. कागद, जुने फोटो, कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग नसेल तर लांबून नमस्कार करायचा.

आता आत गेल्यावर. पहिल्या दिवशी पाकीट बंद. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. जळगावच्या सराफ बाजारात बायका कशा चार दुकानं फिरतात, पाटल्या हातात घालून बघतात, वजन विचारतात, चहा पितात आणि मग पहिल्याच दुकानात परत येतात, अगदी तसं करायचं. कारण क्यू डोळ्याने कळत नाही, हाताने कळते, आणि हात तयार व्हायला दिवसभरात ढीगभर क्यू उचलाव्या लागतात. एकोणीस औंस वजन आणि वीस औंस वजन कागदावर सारखेच वाटतात, पण तोल पुढे आहे का मागे हे हातात घेतल्याशिवाय समजत नाही. तोल बुडापासून साधारण 18-19 इंचावर धरतात, त्याच्या पुढे सरकला की पुढचा भाग जड लागतो, काहींना तेच आवडतं.

उचलायची पण रीत आहे. आधी विचारायचं. अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात, पॉलिशवर एक ओरखडा पडला तर तुमची पण अडचण त्याची पण. दोन हातांनी घ्यायची, जॉइंट, म्हणजे क्यूचे दोन तुकडे जोडतात ती जागा, न विचारता खोलायचा नाही, चॉक लावायचा नाही, भिंतीला टेकवून ठेवायची नाही, आणि टेबलावर गडगडवून बघायची असेल तर परवानगी घेऊन. आणि हो, बसल्या बसल्या "लास्ट किती" म्हणायचं नाही. आपल्याकडे बाजारात ते चालतं, तिथे माणूस दुखावतो, कारण त्याचं सहा महिन्यांचं काम तुम्ही वांग्याच्या भावात मोडलं असं त्याला वाटतं. भाव कमी होतो पण शेवटच्या दिवशी दुपारी, आणि तोही दलालाच्या टेबलावर जास्त, कारागिराच्या कमी.

बघायचं काय? सरळपणा सगळे बघतात. शाफ्ट म्हणजे पुढचा बारीक तुकडा आणि बट म्हणजे मागचा जाड, ते वेगळे करून एकेक गडगडवा, मग जोडून गडगडवा, खाली उजेडाची फट उघडझाप करते का बघा, नुसतं बंदुकीसारखं डोळ्याला लावून भागत नाही. खरी मजा पुढच्या हातात आहे, म्हणजे जॉइंटपासून खाली जिथे टोकदार पॉइंट्स असतात. चारही पॉइंट एकाच उंचीवर संपतात का ते फिरवून बघा, एखादा खाली-वर असेल तर लेथवर मध्य चुकला. आणि टोक बघा, भिंग घेऊन जा त्यासाठी. लाकडात खाच पाडून दुसरं लाकूड बसवलेलं असेल तर टोक सुईसारखं येतं, आणि कॉम्प्युटरच्या मशिनने खड्डा कोरून तुकडा बसवला असेल तर टोक किंचित गोल राहतं कारण कोरणारं पातं गोल असतं. गोल म्हणजे वाईट असं नाही, चांगले कारागीर ते टोक हाताने साफ करतात, पण भाव खाचेचा सांगत असतील आणि टोक गोल असेल तर विचारा. पॉइंटच्या कडेला रंगीत पातळ पट्ट्या, म्हणजे विनियर, त्यांची जाडी सगळीकडे सारखी पाहिजे आणि कोपऱ्यात जुळली पाहिजे. सुतारकाम बघितलेल्या माणसाला हे पाच मिनिटात जमतं. लाकडं पण ओळखीची निघतात, शिसवी आणि आबनूस तर आपलेच. मेपल नावाच्या तिकडच्या लाकडावर ठिपके असलेलं बर्ड्स आय मात्र पहिल्यांदा बघाल.

जॉइंट, रॅप (धरायच्या जागी गुंडाळलेला दोरा नाहीतर चामडं), फेरूल (टिपखालची छोटी टोपी) यावर लोक तासभर वाद घालतात. स्टीलचा जॉइंट कडक लागतो आणि लाकडाला लाकूड भिडणारा मऊ, असं म्हणतात, मला विचाराल तर टिपचा फरक त्याहून जास्त पडतो. ते सोडा.

कारागिराला एक प्रश्न जरूर विचारा: शाफ्ट किती वेळा कातला आणि मध्ये किती थांबला. मेपल एकदम बारीक केला की वाकतो, म्हणून चांगला माणूस थोडा कातून ठेवून देतो, परत थोडा कातून ठेवतो, कधी वर्षं जातात. हे आपल्यासाठी महत्त्वाचं कारण ती क्यू मे महिन्यात जळगावच्या 45 डिग्रीत राहणार आणि जुलैत पावसाच्या ओलीत. उत्तर देताना ज्याचा चेहरा खुलतो त्याच्याशी बोलत बसा. कार्बन फायबरचा शाफ्ट वाकत नाही, खेळायला नुसतीच पाहिजे असेल तर तो घेऊन मोकळे व्हा, पण मग शोला कशाला आलात हा प्रश्न उरतो. गप्पा रंगल्या तर आपल्या सातपुड्यातल्या अंजनाचा, धावड्याचा फोटो दाखवा, हे लोक लाकडावर जीव टाकतात. तुकडा मात्र नेऊ नका, कस्टमला उत्तरं देत बसाल. आणि स्नूकर आपल्याकडे जबलपूरला 1875 ला जन्मलं, भुसावळहून गाडीत बसलं की इटारसीमार्गे थेट जबलपूर, हे सांगितलं की त्यांना पण मजा वाटते.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. जुन्या क्यूमध्ये हस्तिदंत असतं, फेरूलमध्ये, जॉइंटला, नक्षीत. अमेरिकेत त्याच्या व्यापारावर 2016 पासून जवळपास पूर्ण बंदी आहे, न्यू जर्सीने तर 2014 लाच स्वतःचा कायदा केला, आणि भारतात आणलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात सरळ अडकाल. कितीही स्वस्त मिळू द्या, कितीही जुनी असू द्या, घ्यायची नाही. कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी दिसली तर ते हस्तिदंत, प्लास्टिकच्या नकलेत ती येत नाही. नव्या क्यूमध्ये जुमा, एलफोरिन असले हस्तिदंतासारखे दिसणारे बनावट पदार्थ वापरतात, बिलावर तसं लिहून घ्या. ब्राझिलियन रोझवूडचंही तेच, त्याला 1992 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात सगळ्यात कडक बंधन आहे. बाकी रोझवूडवर पण नियम आहेत म्हणून बिलावर लाकडाचं नाव असलेलं बरं.

पैशाचं म्हणाल तर कंपनीची चांगली क्यू काही शे डॉलरला, एकट्या कारागिराची दीड-दोन हजारापासून पुढे कितीही. पेनसिल्व्हेनियात वर 6 टक्के सेल्स टॅक्स. ऑर्डर देऊन बनवायची असेल तर नामी लोकांकडे वेटिंग वर्षांचं असतं, आणि तुम्ही परत भारतात गेलेले असाल, मग पाठवणं, ड्युटी, सगळं लफडं. म्हणून टेबलावर तयार असलेलीच घ्या. कारागिराचं कार्ड घ्या, मागे क्यूचा नंबर आणि लाकूड लिहून ठेवा, संध्याकाळपर्यंत सगळे मेपल डोक्यात एक होतात.

येताना क्यू केबिन बॅगेत चालत नाही, अमेरिकेत पण नाही आणि आपल्या विमानतळावर पण नाही. चेक-इनमध्येच टाका. कडक केस घ्या, दोन तुकडे वेगळे, टोकांना जॉइंटची टोपणं, केसभोवती कपडे, आत हालचाल नको. बिल हातातल्या पिशवीत ठेवा, मुंबईला कस्टमने विचारलं तर दाखवायला, ड्युटी-फ्रीची मर्यादा निघायच्या आधी बघून घ्या आणि वर जात असेल तर लाल दरवाजातून जा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणार असाल तर केस खालच्या बर्थखाली नको, वर स्वतःजवळ घ्या, जळगावला उतरताना घाईत राहून जाते. घरी आल्यावर केस लगेच उघडू नका, एक रात्र तशीच ठेवा, लाकडाला हवेची सवय होऊ द्या. त्यानंतर ठेवायची ती आतल्या खोलीत, पत्र्याच्या खोलीत नाही, कूलरच्या समोर तर अजिबात नाही, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पाच मिनिटं पण नाही.