पॅकेट जातं, पण परत येत नाही: व्हीलॅन आणि शाखा जोडताना या चुका टाळा

मांडणी नेहमीचीच घेऊ. मुख्य ऑफिसात एक लेयर-३ स्विच (राउटिंगही करू शकणारा स्विच) आहे. त्यावर दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क: १० नंबरचा अकाउंट्ससाठी (१०.१.१०.०/२४) आणि २० नंबरचा बाकी स्टाफसाठी (१०.१.२०.०/२४). दोन्हींचे गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) स्विचवरच, शेवटचा आकडा १. स्विच आणि राउटर यांच्यामध्ये १०.१.२५५.०/३० ही जोड, स्विचकडे .१, राउटरकडे .२. पुढे लीज्ड लाइन १७२.१६.०.०/३०, मुख्य ऑफिसकडे .१ आणि शाखेकडे .२. शाखेचं लॅन १०.२.१०.०/२४. खालच्या कमांड सिस्कोच्या आयओएसमधल्या आहेत. दुसऱ्या कंपनीच्या उपकरणात शब्द बदलतील, तर्क तोच राहील.

परतीचा रूट विसरणं

मुख्य राउटरवर ‘आयपी रूट १०.२.१०.० २५५.२५५.२५५.० १७२.१६.०.२’ (शाखेच्या नेटवर्कची पॅकेट १७२.१६.०.२ या पुढच्या टप्प्याकडे, म्हणजे नेक्स्ट हॉपकडे, पाठव) टाकलं, तिथूनच शाखेतल्या १०.२.१०.५० या पीसीला पिंग केलं, उत्तर आलं. काम झालं असं वाटतं. पण व्हीलॅन १० मधल्या पीसीवरून तोच पिंग मारला की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’.

कारण असं, की राउटरवरून पिंग करताना सोर्स पत्ता जातो १७२.१६.०.१, म्हणजे बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा. तो शाखेच्या राउटरला थेट जोडलेला असल्यामुळे उत्तर बिनबोभाट परत येतं. पीसीचा सोर्स मात्र १०.१.१०.२५ असतो आणि हे नेटवर्क शाखेच्या राउटरला माहीतच नाही. पॅकेट शाखेपर्यंत व्यवस्थित पोचतं, तिथला पीसी उत्तरही देतो, ते उत्तर शाखेच्या राउटरवर अडकतं. शाखेला स्वतःचं इंटरनेट असेल तर डिफॉल्ट रूट (दुसरी कुठलीच नोंद जुळली नाही की वापरायची वाट) ते उत्तर इंटरनेटकडे ढकलतो आणि खासगी पत्ता असल्यामुळे ते वाटेत कुठेतरी टाकून दिलं जातं. डिफॉल्ट रूट नसेल तर शाखेचा राउटर ‘अनरीचेबल’चा निरोप पाठवतो, पण तो उत्तर देणाऱ्या शाखेच्या पीसीला. तुमच्या स्क्रीनवर दोन्ही वेळा नुसती शांतता.

म्हणून राउटर किंवा स्विचवरून तपासताना सोर्स सांगूनच पिंग करा. स्विचवर: ‘पिंग १०.२.१०.५० सोर्स व्हीलॅन १०’. साधा पिंग चालतो आणि सोर्सवाला चालत नाही, तर गडबड परतीच्या वाटेवर आहे असं धरून चालायला हरकत नाही. शाखेच्या राउटरवर १०.१.१०.० आणि १०.१.२०.० हे दोन्ही रूट १७२.१६.०.१ कडे हवेत. आणि मुख्य राउटरवर हेच दोन रूट १०.१.२५५.१ कडे, म्हणजे स्विचकडे. ही दुसरी जोडी सगळ्यात जास्त विसरली जाते, कारण राउटर आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतात आणि ‘एकमेकांना ओळखत असतीलच’ असं गृहीत धरलं जातं. स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेल्या, रूटमध्ये कुणी कुणाला आपणहून काही सांगत नाही.

नवा व्हीलॅन ३० आला की हीच चूक पुन्हा होते. स्विचवर तो थेट जोडलेला दिसतो, बाकीच्या व्हीलॅनशी लगेच बोलतो. फक्त शाखा दिसत नाही. दर वेळी दोन राउटरवर नोंदी वाढवण्यापेक्षा दोन्हीकडे १०.१.०.०/१६ असा एकच मोठा रूट द्यावा, हे आमचं मत. पण त्याची एक किंमत आहे. स्विचचा डिफॉल्ट रूट राउटरकडे आणि राउटरचा /१६ स्विचकडे, त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या १०.१.७७.५ साठीचं पॅकेट या दोघांत टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांचा आकडा) संपेपर्यंत टोलवलं जातं. ट्रेसराउटमध्ये तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसले की समजावं. उपाय एका ओळीचा आहे: स्विचवर ‘आयपी रूट १०.१.०.० २५५.२५५.०.० नल०’. खऱ्या व्हीलॅनचे /२४ रूट जास्त नेमके असल्यामुळे तेच आधी निवडले जातात. उरलेलं कचऱ्यात जातं.

स्विचवर राउटिंगच चालू नसणं

बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचवर ‘आयपी राउटिंग’ ही कमांड स्वतः द्यावी लागते. ती दिली नसेल तर व्हीलॅनना आयपी पत्ते देऊनही ते एकमेकांशी बोलणार नाहीत. उलट बाजूचा घोळही होतो. स्विच आधी साधा लेयर-२ म्हणून चालत होता, त्यावर ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ दिलेला होता. राउटिंग चालू केल्याबरोबर ती ओळ निकामी होते, पण कॉन्फिगरेशनमध्ये दिसत राहते आणि बघणाऱ्याला फसवते. तिच्या जागी ‘आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १०.१.२५५.२’ हवा.

रूट लिहिलेला आहे, टेबलात नाही

‘शो रन’ मध्ये ओळ दिसते म्हणजे रूट वापरात आहे असं नाही. ‘शो आयपी रूट’ बघा. नेक्स्ट हॉपपर्यंत जाणारा इंटरफेस बंद असेल तर रूट टेबलातून गायब होतो. व्हीलॅन इंटरफेस वर येण्यासाठी तो व्हीलॅन स्विचवर तयार केलेला हवा आणि त्यातला निदान एक पोर्ट (किंवा तो व्हीलॅन वाहणारा ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) चालू आणि फॉरवर्डिंग अवस्थेत हवा. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ मध्ये ‘अप/डाउन’ दिसलं तर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ मध्ये परवानगी दिलेल्या व्हीलॅनची यादी तपासा. तिथे नवा नंबर घालायचा राहिलेला असतो. घालताना ‘ॲड’ हा शब्द मात्र विसरू नका, नाहीतर जुनी यादी पुसली जाऊन फक्त नवा व्हीलॅन उरतो आणि अख्खं ऑफिस बंद पडतं.

नेक्स्ट हॉपच्या जागी नुसतं इथरनेट इंटरफेसचं नाव देणं हीदेखील टाळण्यासारखी सवय. मग राउटर प्रत्येक दूरच्या पत्त्यासाठी थेट एआरपी (‘हा आयपी कुणाचा, हार्डवेअर पत्ता सांग’) विचारत बसतो आणि समोरच्याचं प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणं) चालू असेल तरच गाडी चालते.

पीसीचा मास्क आणि गेटवे

विंडोजमध्ये हाताने १०.१.१०.२५ टाकून पुढच्या रकान्यात गेलं की मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) आपोआप २५५.०.०.० भरला जातो. तो तसाच राहिला तर पीसीच्या दृष्टीने शाखेचा १०.२.१०.५० शेजारीच बसलेला असतो. तो गेटवेकडे जातच नाही, केबलवर एआरपी ओरडत राहतो. उत्तर येतं ‘रिप्लाय फ्रॉम १०.१.१०.२५: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, म्हणजे स्वतःच्याच पत्त्यावरून. हा निरोप दुसऱ्या पत्त्यावरून आला, समजा १०.१.२५५.२ वरून, तर त्या राउटरकडे पुढचा रूट नाही. निरोप कुणाच्या नावाने आला हे वाचलं तरी निम्मा शोध संपतो. गंमत अशी की स्विचवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल (सिस्कोवर मुळात चालूच असतं) तर चुकीचा मास्क महिनोन् महिने खपून जातो, आणि कुणी सुरक्षेसाठी ते बंद केलं की ‘काल तर चालत होतं’ अशा तक्रारी सुरू होतात.

पिंग होतं, पण फाइल उघडत नाही

इथे बहुतेकदा फायरवॉल आणि वाकडी वाट असते. समजा फायरवॉलचा एक पाय थेट व्हीलॅन २० मध्येच आहे (१०.१.२०.२५४), शाखेकडचा बोगदाही (टनेल) त्याच्यावरच संपतो, आणि पीसींचा गेटवे मात्र स्विच. पीसीचं पॅकेट स्विचमार्गे दुसऱ्या जोडणीने फायरवॉलकडे जातं, उत्तर फायरवॉलच्या व्हीलॅन २० मधल्या पायावरून सरळ पीसीकडे येतं. गेटवे फायरवॉल ठेवून शाखेचा राउटर वेगळा असेल तर उलट: जाताना फायरवॉल, येताना थेट. या उलट मांडणीत टीसीपी जोडणीच्या सुरुवातीच्या तीन पायऱ्यांपैकी मधली ‘सिन-ॲक’ फायरवॉलला दिसतच नाही आणि पुढचं पॅकेट तो बेकायदा समजून टाकतो. पिंग यातून अनेकदा निभावतो, त्यामुळे सगळे रूट बरोबर असल्याचा भास होतो. फायरवॉलवर तपासणी बंद करणं हा उपाय नव्हे. फायरवॉल किंवा राउटर जोडायला वापरकर्ते नसलेला वेगळा व्हीलॅन ठेवा, वरच्या /३० सारखा. मग जायची आणि यायची वाट एकच राहते.

वाट सरळ असूनही मोठ्या फाइल अडकत असतील तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ साध्या लाइनवर जायला हवं (१४७२ अधिक २८ म्हणजे १५००). बोगद्यातून जात नाही, तर आकडा कमी करत जा. जीआरई बोगदा आयपीसेकमधून (कूटबद्ध जोडणीतून) जात असेल तर टनेल इंटरफेसवर एमटीयू १४०० आणि ‘आयपी टीसीपी ॲडजस्ट-एमएसएस १३६०’ हे आकडे सहसा पुरतात.

रूटवर खापर फोडण्याआधी

विंडोज फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून आलेला पिंग अनेकदा अडवतो. म्हणून आधी शाखेचा गेटवे १०.२.१०.१ ला पिंग करा, मगच पीसीला. आणि पीसीसाठी पॉवरशेलमधलं ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ पोर्ट देऊन वापरा. आयपीसेक असेल तर क्रिप्टो एसीएलमध्ये (कुठली वाहतूक कूटबद्ध करायची त्या यादीत) दोन्ही व्हीलॅन आहेत का आणि समोरची यादी बरोबर आरशातली आहे का ते बघा. शाखेकडे जाणारी वाहतूक नॅटमधून (पत्ते बदलण्याच्या प्रक्रियेतून) वगळलेली हवी, तीही सर्वसाधारण परवानगीच्या ओळीच्या आधी. दोन्ही ऑफिसांत १९२.१६८.१.०/२४ असेल तर कुठलाही स्टॅटिक रूट कामाला येणार नाही. एका बाजूचे पत्ते बदलून टाका. नॅटची कसरत तात्पुरती म्हणूनच ठीक.

बॅकअप लाइनसाठी २५० डिस्टन्सचा (आकडा जितका मोठा तितकी पसंती कमी) दुसरा रूट ठेवला असेल, तर मुख्य लाइन मध्येच कुठे तुटल्यावर तो चालू होईल या भरवशावर राहू नका. मधे मीडिया कन्व्हर्टर असला की राउटरचा पोर्ट हिरवाच राहतो आणि पहिला रूट जागचा हलत नाही. आयपी एसएलएने (राउटरमधल्या सततच्या चाचणीने) १७२.१६.०.२ ला पिंग करत राहायचं आणि मुख्य रूटला ‘ट्रॅक’ जोडायचा, म्हणजे पिंग थांबला की तो रूट टेबलातून निघतो. चाचणी करताना स्वतःच्या टोकाची केबल न काढता शाखेच्या टोकाची काढा.