घाटातल्या सायकल-सहलीची आखणी: आधी नदी बघा, मग रस्ता

शनिवार-रविवार मोकळा आहे, सायकल तयार आहे आणि नकाशा उघडला आहे. अशा वेळी बहुतेक जण दोन गावांवर बोट ठेवतात आणि मधले किलोमीटर मोजतात. सपाटीवर ते चालून जातं. डोंगरात मी आधी नद्या शोधतो. नदीच्या कडेने जाणारा रस्ता हळूहळू चढतो, पाय सावकाश तापतात. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं असेल तर मात्र मधली डोंगरधार ओलांडावीच लागते, आणि खरा चढ तिथेच असतो. एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही घाटाचा नकाशा वाचता येतो.

माझ्या आवडीच्या फेरीवरूनच सांगतो. कृष्णेच्या काठावरच्या वाईतून निघायचं, पसरणीचा घाट चढून पाचगणी, तिथून महाबळेश्वर आणि मुक्काम. दुसऱ्या दिवशी केळघर घाटाने वेण्णेच्या खोऱ्यात उतरून मेढा, मग जावळीतलं कुडाळ, पाचवड आणि परत वाई. सगळं मिळून ९० किमीच्या आसपास. एका नदीच्या खोऱ्यातून वर चढायचं आणि दुसरीच्या खोऱ्यात उतरायचं. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच डोंगरात उगम पावतात आणि खाली साताऱ्याजवळ माहुलीला एकमेकींना भेटतात.

पहिलं काम: चढ मीटरमध्ये मोजा

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आहे, पाचगणी १,२९० च्या आसपास. म्हणजे १२ किमीत सुमारे ५७० मीटर चढायचे, सरासरी पावणेपाच टक्के. नियमित सायकल चालवणारा माणूस सामान घेऊन तासाला ४०० मीटर उंची आरामात गाठतो. त्या हिशोबाने पसरणीला दीड तास धरा. "१२ किमी म्हणजे अर्धा तास" असा हिशोब केलात तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

कोमूट किंवा राइड विथ जीपीएस अशा मार्ग आखायच्या ॲपवर मार्ग आखला की उंचीचा आलेख मिळतो. त्यातला एकूण चढाचा आकडा घाटात बरेचदा फुगलेला असतो. रस्ता कड्याला बिलगून वळणं घेतो आणि ॲप कधी शेजारच्या दरीची उंची धरतं, कधी माथ्याची. म्हणून मी पायथा आणि माथा यांची उंची बघून स्वतः वजाबाकी करतो. मधे रस्ता खाली उतरून पुन्हा चढत असेल, तर तेवढे मीटर वेगळे मिळवतो.

फेरी कुठल्या बाजूने फिरवायची

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण फेरीची दिशा बदलली की सहलच बदलते.

पहिल्यांदा मी ही फेरी उलटी केली होती. केळघरने चढलो, ते सुंदरच होतं. पण रविवारी दुपारी पसरणीच्या उतारावर आलो तेव्हा पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली. समोरून एक बस वळण घेत होती, मागून कारवाले हॉर्न देत होते, आणि मी दोन्ही ब्रेक आवळून कठड्याला खेटून उभा होतो. रिमला हात लावला तर चटका बसला. त्यानंतर पसरणी मी फक्त चढतो, तेही शनिवारी पहाटे, पर्यटकांच्या गाड्या वाईत पोहोचायच्या आत. चढताना वेग ताशी आठ-नऊ किमी असतो, कडेने निवांत जाता येतं आणि सकाळचं ऊन पाठीवर येतं. एखाद्या वळणावर थांबून मागे बघा. वाईची घरं, उसाचे पट्टे आणि त्यांच्यामधून गेलेली कृष्णा दिसते. मोटारीतून हे दृश्य दोन सेकंदांत निघून जातं.

म्हणून नियम असा: वर्दळीचा घाट चढायला घ्या आणि लवकर घ्या, शांत घाट उतरायला ठेवा.

पाचगणी ते महाबळेश्वर हे १९-२० किमी दमवणारे नाहीत, पण रस्ता सतत वरखाली होतो आणि दहानंतर गाड्या वाढतात. वाटेत भिलारला वळा. २०१७ पासून हे 'पुस्तकांचं गाव' आहे. गावातल्या बऱ्याच घरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि तिथेच बसून वाचता येतं. हिवाळ्यात आजूबाजूच्या शेतांत स्ट्रॉबेरी असते. माझा इथे तास सहज जातो, म्हणून तो तास मी आधीच वेळापत्रकात धरतो.

उतारानंतरचा चढ

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून ६०० मीटरपेक्षा जास्त उतार आहे. त्या आनंदात एक गोष्ट विसरली जाते. मेढा वेण्णेच्या खोऱ्यात आहे आणि वाई कृष्णेच्या. मधली धार ओलांडायची आहेच, आणि ती येते दुपारच्या तोंडावर, पाय थंडावलेले असताना. चढ पसरणीएवढा नाही, पण मनाची तयारी नसेल तर तोच नकोसा होतो. मेढ्यात पोटभर खा, दोन्ही बाटल्या भरा, मगच निघा.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावून वेग कमी करा आणि वळणात सोडा. हिवाळ्यात महाबळेश्वरची सकाळ बोचरी असते. विंडचीटर नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. हा जुना उपाय आजही लागू पडतो.

हंगाम, रस्ता, सामान

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात इथले घाट दरडींनी बंद होतात, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही आणि रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. पावसाची हौस मी सपाटीवर भागवतो. गळीत हंगामात कुडाळ-पाचवड भागात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटतात. त्यांना ओव्हरटेक करायला जाऊ नका. मागची ट्रॉली हेलकावते आणि रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरतं.

निघायच्या दोन दिवस आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रस्त्याची हालत विचारा. खोदकाम चालू आहे की नाही, हे ॲपपेक्षा तिथला माणूस नेमकं सांगतो. सायकल आत ठेवू देतील का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

टायर २८ मिमी किंवा त्याहून रुंद असू द्या, दोन ट्यूब आणि पंप जवळ ठेवा. रोडबाईकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याच्या नळीला तो बसत नाही. त्यासाठी पितळेचा नखाएवढा अडॅप्टर मिळतो. तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, म्हणजे शोधत बसावं लागत नाही. मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, घाटात रेंज जाते.

शेवटी एक पुठ्ठ्याचं कार्ड करा आणि हँडलला चिकटवा. त्याचाच फोटो घरी पाठवून ठेवा. माझ्या कार्डावर इतकंच असतं:

शनि: वाई ६:३० – पाचगणी ८:१५, नाश्ता – भिलार १०:०० – महाबळेश्वर १२:३०
रवि: निघणे ८:०० – मेढा १०:००, जेवण, पाणी – चढ! – कुडाळ – पाचवड – वाई २:००